जपानी शाळेतला इंग्रजीचा तास कुठे ठरतो

जपानमधल्या सरकारी शाळेत परदेशी माणूस इंग्रजी शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, असे मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असते: फळ्यापुढे एकटी उभी असलेली शिक्षिका, हातात पुस्तक आणि समोर शांत बसलेली मुले. प्रत्यक्षात वर्गात आम्ही दोघे असतो. माझे पद साहाय्यक भाषाशिक्षकाचे, इथल्या बोलीत सांगायचे तर ए.एल.टी.चे. तासाची आखणी, गुण आणि वर्गाची जबाबदारी अध्यापनाचा परवाना असलेल्या जपानी शिक्षकाकडे असते आणि मी त्यांच्या जोडीने शिकवते. नागानो प्रांतातल्या एका लहान शहरात एक कनिष्ठ माध्यमिक शाळा (सातवी ते नववी) आणि दोन प्राथमिक शाळा माझ्या वाट्याला आल्या आहेत. इतकी वर्षे हे काम केल्यावर एका गोष्टीबद्दल माझी पुरती खात्री झाली आहे. तास रंगणार की नुसता उरकला जाणार, हे घंटा होण्याआधीच, आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला किती वेळ मिळाला यावर ठरते. या बोलण्याला इथे उचिआवासे म्हणतात आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याला सहसा जागा नसते.

दोन शिक्षकांची ही पद्धत देशभर रूढ झाली ती प्रामुख्याने परदेशी तरुणांना जपानमध्ये बोलावणाऱ्या जेट या सरकारी कार्यक्रमामुळे. १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ तरुण जपानमध्ये आले आणि त्यांतल्या बहुतेकांना शाळांमध्ये नेमले गेले. पुढे देशांची संख्या वाढत गेली आणि जेटखेरीज इतर वाटाही तयार झाल्या. काही नगरपालिकांची शिक्षण मंडळे स्वतः ए.एल.टी. नेमतात, तर काही जण खासगी कंपन्यांमार्फत शाळेत येतात. वर्गातल्या मुलांना यातला फरक कळत नाही. शिक्षकाला मात्र तो रोज जाणवतो. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

दिवस सुरू होतो तो दारातल्या कप्प्यात बाहेरचे बूट ठेवून आतल्या चपला पायात घालण्यापासून. स्टाफरूममध्ये प्रत्येक शिक्षकाला स्वतःचे टेबल असते आणि टेबले इयत्तांप्रमाणे जोडून मांडलेली असतात. सर्वांकडे तोंड करून बसतात ते उपमुख्याध्यापक, ज्यांना सगळे क्योतो-सेन्सेई म्हणतात. शाळेचा रोजचा गाडा खऱ्या अर्थाने तेच हाकतात. सकाळी लवकर येणारे तेच आणि रात्री उशिरापर्यंत थांबणारेही बहुधा तेच. ए.एल.टी.चे टेबल कुठे ठेवले आहे, यावरून त्या शाळेतले दिवस कसे जाणार याचा अंदाज येतो. माझ्या एका शाळेत ते कॉपी मशीनशेजारी भिंतीला लावलेले आहे आणि दुसऱ्या शाळेत सहावीच्या शिक्षकांच्या घोळक्यात आहे. या दुसऱ्या शाळेत कुठल्या मुलाला कालपासून ताप आहे, कुठल्या दोन मुलींचे बिनसले आहे, बास्केटबॉलचा सामना कोण हरले, हे सगळे काही न विचारता माझ्या कानावर पडते. त्या दिवशीच्या संवादाच्या सरावासाठी कुणाची जोडी कुणाशी लावायची नाही, हेही मग आपोआप समजते. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ही माहिती कधीच मिळत नाही, आणि ती न मिळाल्याची भरपाई कितीही सुंदर चित्रपत्त्यांनी होत नाही.

सव्वाआठच्या सुमारास सगळे शिक्षक उभे राहून एकमेकांना नमस्कार करतात आणि सकाळची बैठक सुरू होते. पाच-सात मिनिटांत वीसेक सूचना होतात, त्याही भरभर आणि अर्ध्या वाक्यांत. फ्लूची लाट आली की एखाद्या वर्गातली बरीच मुले एकाच वेळी आजारी पडतात आणि तो वर्ग दोन-चार दिवस बंद ठेवला जातो. त्यामुळे आठवड्याचे तास पुढेमागे होतात. क्रीडादिनाचा सराव, दातांची तपासणी, भूकंपाची कवायत, प्रत्येक गोष्टीसाठी वेळापत्रक हलते. सूचना बैठकीत झाली म्हणजे ती सर्वांना कळली, असे इथे गृहीत असते. जपानला येण्यापूर्वी जेवढे जपानी शिकता येईल तेवढे शिकून घ्या, असे मी नव्याने येणाऱ्यांना आग्रहाने सांगते ते याच कारणाने. मुलांशी जपानीत बोलण्यासाठी ते फारसे लागत नाही; सकाळच्या या बैठकीसाठी मात्र लागते.

प्राथमिक शाळेत इंग्रजी तसे नवे आहे. २०११ पासून पाचवी-सहावीला परकीय भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून या दोन इयत्तांसाठी तो गुण असलेला रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तासांचा, आणि तिसरी-चौथीला ३५ तासांचे उपक्रम आले. हे तास बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकच घेतात. ज्यांनी आपल्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्राथमिक इंग्रजी कसे शिकवायचे हे कधी पाहिलेच नाही, अशा पंचेचाळीस-पन्नाशीच्या शिक्षकांवर हा विषय येऊन पडला. गणित, कांजी लिपी, पोहणे, वाद्यवादन असे सगळे काही एकट्याने शिकवणारी ही माणसे इंग्रजीच्या तासाला मागे सरकून उभी राहतात आणि तास परदेशी माणसाच्या हवाली करतात. त्यांना दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही. परंतु वर्गशिक्षक मागे सरकले की मुलेही मागे सरकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सहावीच्या एका बाईंची गोष्ट सांगते. मुलांवर अतिशय जीव असलेल्या आणि वर्ग उत्तम सांभाळणाऱ्या या बाईंनी, मला इंग्रजी येत नाही, तुम्हीच सगळे घ्या, असे सुरुवातीलाच सांगून टाकले होते. पुढच्या पाठात कुठल्या प्रदेशात जायला आवडेल हे विचारायचे होते. मधल्या सुट्टीत दहा मिनिटे मिळाली तेव्हा मी त्यांना एवढेच सुचवले की आपण दोघींनी वर्गापुढे खरोखरच एकमेकींना विचारू. पाठ केलेले काही बोलायचे नाही, ज्याची उत्सुकता आहे तेच विचारायचे. तासाला त्यांनी ओकिनावाला जायचे आहे असे सांगितले, आणि मी का असे विचारल्यावर त्या थांबल्या. हवा असलेला शब्द काही केल्या सापडेना. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "सी. व्हेरी, व्हेरी ब्लू." वर्गात कुणी हसले नाही. आपल्या बाई शब्द शोधत आहेत आणि तरीही बोलत आहेत, हे तीसेक मुले डोळे मोठे करून पाहत होती. त्यानंतरच्या जोड्यांच्या सरावात, एरवी खाली मान घालून बसणाऱ्या मागच्या बाकावरच्या मुलाने माझ्याकडे पाहून सांगितले, "होक्काइदो. रामेन. व्हेरी हॉट." माझ्या शुद्ध उच्चारांनी जे महिनोन्महिने झाले नव्हते, ते बाईंच्या त्या एका वाक्याने झाले, आणि ते वाक्य वर्गात यावे यासाठी दहा मिनिटांचे ते बोलणे लागले.

वाचनाच्या बाबतीतही असेच आहे. जपानी मुले तिसरीत, जपानी भाषेच्याच तासाला, रोमाजी म्हणजे रोमन अक्षरांत जपानी लिहायला शिकतात, आणि आता प्रत्येकाच्या हाती शाळेने दिलेला टॅब्लेट किंवा लॅपटॉप असल्याने त्याच पद्धतीने टंकलेखनही करतात. रोमाजीत प्रत्येक स्वराचा उच्चार ठरलेला असतो. त्यामुळे पाचवीतले मूल नेम (name) हा शब्द नामे असा वाचते, टेक (take) हा ताके असा, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असते, कारण याच अक्षरांचा हाच उच्चार शाळेनेच त्याला दोन वर्षांपूर्वी शिकवलेला असतो. परदेशी शिक्षकाला हे ठाऊक नसेल तर मूल कच्चे आहे असे वाटते. वर्गशिक्षकांना इंग्रजी वर्णोच्चाराची कल्पना नसेल तर गोंधळ कुठून येतो हे त्यांनाही उमगत नाही. दोघे एकत्र बसले की पंधरा मिनिटांत उलगडा होतो. आम्ही वर्गात दोन रकाने करून एक रोमाजीचा, एक इंग्रजीचा असे शब्द शेजारी शेजारी लावायला लागलो, तेव्हापासून मुले स्वतःच विचारू लागली की हा शब्द कुठल्या रकान्यातला.

प्राथमिक शाळेत ६०० ते ७०० शब्द व्हावेत आणि कनिष्ठ माध्यमिकच्या तीन वर्षांत आणखी १६०० ते १८०० शब्द व्हावेत, असे सध्याचा अभ्यासक्रम सांगतो. २०२१ पूर्वी माध्यमिकसाठी हा आकडा १२०० च्या आसपास होता. खेळ, गाणी आणि बोलणे यांतून आलेले मूल सातवीत एकदम लेखन, व्याकरण आणि शब्दसंख्येच्या ओझ्याखाली येते. नववीच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उच्च माध्यमिकच्या प्रवेशपरीक्षा असतात आणि त्यांची सावली सगळ्या वर्षावर पडलेली असते. अशा वेळी ए.एल.टी.चा उपयोग धडा मोठ्याने वाचून दाखवण्यापुरता होऊ लागतो. या पेशातले लोक त्याला चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणतात आणि जगभरातून आलेल्या अनेक चांगल्या शिक्षकांनी या एका कारणाने हे काम सोडले आहे. मला मात्र आमच्या कनिष्ठ माध्यमिक शाळेत इंग्रजीचे जे जपानी सर लाभले, ते वेळ काढणारे आहेत.

त्यांच्याबरोबर घेतलेल्या तोंडी परीक्षेचा प्रसंग आहे. वर्गात सर लेखी काम देतात आणि बाहेर मार्गिकेत, खिडकीजवळ दोन खुर्च्या आणि एक छोटे टेबल मांडून मी बसते. मुले एकेक करून बाहेर येतात आणि प्रत्येकाला साधारण दोन मिनिटे मिळतात. माझ्यापुढे सरांनी तयार केलेला तक्ता असतो: आशय, अचूकता, बोलण्याची तयारी. फेब्रुवारीतल्या एका परीक्षेत विषय होता, आपल्याला आदर वाटणारी व्यक्ती. वर्गात कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी आली आणि आपल्या आजीविषयी बोलू लागली. आजीची सफरचंदाची बाग आहे, आजी हिवाळ्यातही काम करते, इथपर्यंत ती आली आणि छाटणीला काय म्हणायचे हे न सुचून थांबली. तिने बोटांची कात्री करून हवेत दोन फांद्या कापून दाखवल्या. मग पुष्कळ वेळ ती गप्प होती, पण नजर माझ्यावर होती आणि ती वाक्य जुळवत होती हे स्पष्ट दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "स्नो. कोल्ड. बट शी कट्स. एव्हरी डे." तक्त्यानुसार ठरावीक सेकंदांहून अधिक शांतता असेल तर गुण कापायचे होते.

त्या दिवशी संध्याकाळी सर आणि मी त्या एका मुद्द्यावर बराच वेळ बोललो. त्यांचे म्हणणे असे की निकष सर्वांना सारखे हवेत, नाहीतर पालकांना उत्तर देता येणार नाही; आणि ते योग्यच होते. माझे म्हणणे असे की विचार करण्यासाठी घेतलेली शांतता आणि सोडून देण्याची शांतता या दोन वेगळ्या आहेत, आणि आपण मोजतो आहोत ती पहिली. पुढच्या सत्रापासून तक्त्यातला सेकंदांचा नियम निघाला आणि त्याजागी, अडल्यावर हावभावाने किंवा दुसऱ्या शब्दांनी मार्ग काढला का, हा निकष आला. परीक्षेपूर्वीच मुलांना तो सांगितला गेला. मुलांच्या बोलण्यात त्यानंतर जो मोकळेपणा आला तो पाहता, त्या वर्षातले आमचे सर्वांत मोलाचे काम त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये झाले असे मला वाटते.

आता कराराविषयी. जेटमधून आलेला शिक्षक जास्तीत जास्त पाच वर्षे राहू शकतो आणि स्थानिक शिक्षण मंडळ किंवा शाळा हीच त्याची मालक असते. कंपनीमार्फत येणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. हाकेन पद्धतीत कंपनी माणूस पाठवते आणि काम कसे करायचे हे शाळा सांगू शकते. इताकु पद्धतीत मात्र नगरपालिका शिकवण्याचे कामच कंपनीला कंत्राटाने देते, त्यामुळे शाळेतल्या शिक्षकाने ए.एल.टी.ला थेट सूचना देणे कायद्याच्या दृष्टीने चालत नाही. सूचना कंपनीमार्फत जायला हवी. वर्गात शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, हे वाक्य जरा सावकाश वाचा, एवढे सांगण्याचीही जिथे पंचाईत होते, तिथे दोघांनी मिळून शिकवणे होणार कसे? मुलांच्या शिक्षणासाठी ही व्यवस्था वाईट आहे आणि ती बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पगारही बहुतेक कंपन्यांत कमीच असतो. जेटमध्ये पहिल्या वर्षी ३३.६ लाख येन हा आकडा कितीतरी वर्षे कायम होता. अनेक कंपन्या त्याहून बऱ्याच खाली असतात आणि काही जण तर सुट्टीच्या महिन्यांत पगार कापतात.

मात्र वेळ न मिळण्याचे मोठे कारण जपानी शिक्षकांवरचा कामाचा बोजा हे आहे, आणि ते परदेशी शिक्षकांनी समजून घेतलेच पाहिजे. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक सर्वेक्षणात जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला. सहभागी देशांत तो सर्वांत मोठा होता आणि सरासरी ३८ तासांची होती. सरकारी शिक्षकांना जादा तासांचे पैसे मिळत नाहीत. १९७१ च्या कायद्याने त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के एवढी रक्कम ठरवली आणि अर्धशतकाहून अधिक काळ ती तशीच राहिली. शिकवणे, क्लबांचे सराव, पालकांना फोन, वर्गाचे वार्तापत्र, अहवाल, या सगळ्यातून सरांना मोकळा श्वास मिळतो तो संध्याकाळी साडेपाच-सहानंतर. माझी कराराची वेळ सव्वाचारला संपते. सगळे काम करत असताना, तुमच्या आधी निघते, असे म्हणून उठणे इथल्या रिवाजात बसते आणि कुणी त्याचा राग मानत नाही. पण ज्या वेळी माझे जोडीदार बोलायला मोकळे होतात, त्या वेळी मी कागदोपत्री शाळेत नसते. आठवड्यातून एखाद्या दिवशी मी स्वखुशीने थांबते. सर्व ए.एल.टीं.नी तसे थांबावे असा आग्रह मात्र मी धरणार नाही, कारण बिनपगारी कामाची सवय एका बाजूने मोडायची आणि दुसऱ्या बाजूने लावायची, हे बरोबर नाही.

दुपारच्या जेवणाचा वेळ मात्र मला मुलांसाठीच ठेवावासा वाटतो. साडेबाराच्या सुमारास पांढरे झगे आणि टोप्या घातलेली मुले मोठी पातेली वर्गात आणतात, सर्वांना वाढतात, प्रत्येकापुढे २०० मिलिलिटर दुधाचे खोके किंवा बाटली येते आणि एकदम इतादाकिमास, म्हणजे जेवणापूर्वीचे आभाराचे शब्द, म्हणून जेवण सुरू होते. मी शाकाहारी असल्यामुळे आणि सूपमध्ये बहुधा माशाचा अर्क असल्यामुळे माझा डबा वेगळा असतो. पहिल्या दिवशी शाळेच्या आहारतज्ज्ञ बाईंनी महिन्याचा तक्ता आणून, कुठल्या पदार्थात काय आहे हे ओळीओळीने समजावून सांगितले होते. त्यानंतर पंधरा मिनिटे साफसफाई असते, आमच्या एका शाळेत तर अजिबात न बोलता. गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन पुसताना शेजारच्या मुलाने फडके पिळून हातात देणे, हा परिचयाचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तासाला बोलायला घाबरणारी मुले या दोन वेळांत जवळ येतात.

इतके सगळे जमत आले की मार्च येतो. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात. मार्चच्या अखेरीस त्या जाहीर होतात, स्थानिक वर्तमानपत्रात यादी छापून येते, आणि एप्रिलमध्ये नव्या शैक्षणिक वर्षाबरोबर स्टाफरूममधली टेबले पुन्हा मांडली जातात. ओकिनावाच्या निळ्या समुद्राविषयी बोललेल्या बाई दुसऱ्या गावी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्या रकान्यांच्या पद्धतीचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून पुढच्या वर्गशिक्षकांच्या नावे ठेवले. दरवर्षी अशी नवी माणसे येतात आणि, मला इंग्रजी येत नाही, या वाक्यापासून पुन्हा सुरुवात होते.

म्हणून यंदा मी क्योतो-सेन्सेईंकडे एकच मागणी घेऊन गेले. पाचवी आणि सहावीच्या वर्गशिक्षकांचे ज्या तासाला वर्गकाम नसते, संगीत किंवा विज्ञानासाठी मुले दुसऱ्या शिक्षकांकडे जातात, त्या तासातली वीस मिनिटे आठवड्यातून एकदा माझ्या मोकळ्या तासाशी जुळवून वेळापत्रकात छापावीत. तोंडी ठरवून चालणार नाही, कारण तोंडी ठरलेले मे महिन्यातल्या क्रीडादिनाच्या सरावापुढे टिकत नाही. त्यांनी वेळापत्रकाचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने खुणा करत बराच वेळ पाहिला. पाचवीच्या दोन्ही वर्गांचे जमले असून बुधवारच्या तिसऱ्या तासाला ते छापलेही गेले आहे. सहावीच्या एका वर्गाचे संगीताच्या शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येत असल्यामुळे अडले आहे आणि त्यासाठी दुसऱ्या सत्रात पुन्हा बसायचे असे ठरले आहे.